फिदया दिला म्हणून कजा सुटत नाही

"टायफॉइडमुळे दहा रोजे सुटले, फिदया किती द्यायचा?" रमजान संपत आला की हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो, आणि उत्तर देणारेही लगेच रक्कम सांगून मोकळे होतात. अहो, टायफॉइड बरा होतो ना? मग इथे फिदयाचा, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालण्याचा, संबंधच नाही. दहा रोजे ठेवायचे आहेत.

कजा म्हणजे सुटलेल्या एका रोज्याबद्दल रमजाननंतर एक रोजा. सलग ठेवण्याची सक्ती नाही. नियत (रोज्याचा मनातला निश्चय) तेवढी सहरीची, म्हणजे पहाटेच्या जेवणाची, वेळ संपण्याआधी हवी, आणि दोन्ही ईद व बकरी ईदनंतरचे तीन दिवस वगळायचे. पाळीत सुटलेल्या रोज्यांचीही कजा आहे, त्या दिवसांतल्या नमाजांची नाही.

फिदया म्हणजे रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी मसलकांपैकी (विचारपरंपरांपैकी) हनफींकडे अर्धा साअ (धान्याचं जुनं माप) गहू, म्हणजे साधारण पावणेदोन किलो, किंवा त्याची किंमत; शाफईंकडे एक मुद्द, म्हणजे पाव साअ, धान्य.

खरा घोळ इथे होतो. आजार किती मोठा, यावर फिदया ठरत नाही. पुढे कधी रोजा ठेवता येईल का, यावर ठरतो. कुरआनातल्या सूरह बकरहच्या १८४व्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांना 'दुसऱ्या दिवसांत तितकीच गणती' सांगितली आहे, आणि १८५व्या आयतीत तेच पुन्हा आलं आहे. गरिबाला जेवू घालण्याचा त्याच आयतीतला हुकूम पैगंबरांचे सहकारी इब्ने अब्बास यांनी रोजा झेपत नाही अशा वृद्ध स्त्री-पुरुषांना लावला. बरं होण्याची आशा नसलेला रुग्ण त्यांच्याच रांगेत येतो.

मधुमेहाचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत रोजा झेपत नाही, पण थंडीतल्या छोट्या दिवसांत डॉक्टर परवानगी देतात. अशा माणसाने थंडीत कजा ठेवायची. फिदया देऊन तो सुटत नाही. इतकंच काय, बरं होण्याची आशा सोडून फिदया दिला आणि पुढे ताकद परत आली, तर हनफी मतानुसार कजा पुन्हा गळ्यात पडते. दिलेला फिदया सदका, म्हणजे ऐच्छिक दान, ठरतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना "फिदया दे, झालं" असं सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो. चारही मसलकांच्या प्रचलित मतात त्यांच्यावर कजा आहेच. फक्त बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल, तर शाफई आणि हंबली त्यावर फिदया वाढवतात. हनफी तोही मागत नाहीत.

कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, वेगळाच: रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडण्याच्या ठरावीक प्रकारांसाठी सलग साठ रोजे. आजारपणाशी त्याचा संबंध नाही.

कजा पुढच्या रमजानच्या आत उरकावी. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, पूर्ण करत. कारण नसताना त्यापुढे ढकलले, तर शाफईंकडे कजेसोबत फिदयाही लागतो. तो फिदया उशिराबद्दल असतो. रोजा तरीही ठेवावाच लागतो.