‘छातीत दुखतंय’ एवढं सांगून भागत नाही

खानापूरची माझी मामी भाकरी थापताना पदर कोपरानं सारखा बाजूला ढकलायची. बायपासला वर्ष उलटलं होतं. व्रण भरून पांढरट रेघ उरली होती. तरी मंगळसूत्राचे मणी त्या रेघेच्या डाव्या अंगाला टेकले की ती दचकायची. शेवटी तिनं ते काढून देव्हाऱ्यात ठेवलं. ‘‘हाड दुखत नाही रे, वरनंच आग आग होतंय,’’ असं आम्हाला सांगायची.

बेळगावला तपासणीला गेली की मात्र तोंडातून एवढंच निघायचं, ‘छातीत दुखतंय’. मग ईसीजी, इको. दोन्ही चांगले. ‘हृदय उत्तम आहे, घाबरू नका.’ घरी आल्यावर आम्ही सगळे म्हणायचो, मनात भीती बसलीय. हे म्हणणाऱ्यांत मीही होतो आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण तिचं दुखणं खरं होतं आणि त्याचं नेमकं कारण तिच्याच शब्दांत होतं.

छातीच्या मधोमध, गळ्याच्या खळगीपासून खाली उतरणारं चपटं हाड म्हणजे उरोस्थी. लांबी वितीपेक्षा जराशी कमी. हे हाड उभं चिरून आत जाण्याची कल्पना हर्बर्ट मिल्टन यांनी 1897 साली मांडली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ती वाट रूढ झाली 1957 नंतर, ओर्मंड ज्युलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. काम झालं की दोन्ही फाकी जवळ आणून साधारण सहा ते आठ स्टीलच्या तारांनी पिळून बांधतात. हाड दोन-तीन महिन्यांत सांधतं, तारा जन्मभर आत राहतात.

बायपासमध्ये आणखी एक गोष्ट घडते. उरोस्थीच्या कडेपासून जेमतेम एक सेंटिमीटरवर, बरगड्यांच्या मागच्या अंगाला एक धमनी खाली उतरते. हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडायला डावीकडची ही धमनी फार उपयोगी, कारण ती वर्षानुवर्षं उघडी राहते. ती सोडवून घेताना छातीची डावी बाजू उचलून धरावी लागते. बरगड्यांमधून येऊन उरोस्थीच्या कडेला कातडीत उतरणाऱ्या बारीक नसा तिथेच असतात, रक्ताच्या नव्हेत, स्पर्श-वेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू. त्या ताणल्या जातात, कधी भाजतात, कधी तुटतात. जीव वाचवणाऱ्या कामात हे पुष्कळदा टाळता येत नाही.

दुखावलेली नस गप्प बसत नाही. कुणी हात लावला नाही तरी ती निरोप पाठवत राहते. ते निरोप ऐकून ऐकून मज्जारज्जू इतका हळवा होतो की पदराचा साधा स्पर्शही त्याला वेदना वाटतो. म्हणून एकाच जागी बधिरपणाही असतो आणि आगही. ऐकणाऱ्याला हे विसंगत वाटतं, पण नसेच्या दुखण्याची हीच मोठी खूण.

2005 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी असं दुखणं ओळखायला दहा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यातले सात प्रश्न निव्वळ शब्दांचे आहेत: जळजळ, बोचरा गारठा, विजेचा झटका, झिणझिण्या, टाचण्या, बधिरपणा, खाज. उरलेल्या तिन्हींची उत्तरं डॉक्टर तपासून ठरवतात. दहापैकी चार किंवा जास्त ‘हो’ आले तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता मोठी.

आपल्या सीमाभागात हा शब्दांचा प्रश्न जास्तच नाजूक. डॉक्टर कन्नड, पेशंट मराठी आणि मध्ये घाईनं भाषांतर करणारा मुलगा किंवा भाचा. कन्नडमध्ये जळजळीला ‘उरी’ म्हणतात. आपल्याकडे उरी म्हणजे उरात. मामीला नर्सनं तेच विचारलं होतं. मामीनं मान हलवली, पण छातीत दुखतंय का एवढंच विचारलंय, असं समजून. पुढं काही बोललीच नाही.

आग नसेल आणि खोकताना, कूस वळताना मधोमध कट् कट् वाजत असेल, तर हाड नीट जुळलेलं नसू शकतं. डॉक्टर व्रणावर हात ठेवून खोकायला सांगतात, मग सीटी स्कॅन. एकाच ठिकाणी बोट ठेवलं की टोचत असेल तर तारेचं टोक वर आलेलं असू शकतं. तसं असेल तर ती तार काढल्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो. मोटारीच्या अपघातात स्टेअरिंग किंवा सीटबेल्ट बसून उरोस्थी मोडते, तेव्हाही हाड न जुळल्यानं दुखणं रेंगाळू शकतं. ताप, लाली, व्रणातून पाणी किंवा पू दिसला तर एक दिवसही थांबू नये.

हृदयाच्या दुखण्याची भाषा वेगळी. राजहंसगडाचा चढ चढताना छातीवर दडपण येतं, थांबलं की उतरतं, घाम फुटतो, दम लागतो, जबडा किंवा हात भरून येतो. बायपास झालेल्यालाही हे पुन्हा होऊ शकतं. तेव्हा कोणतंच अनुमान काढत बसू नका, 108 ला फोन करा.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र आता स्वतंत्र आजार मानतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी साधारण तिघांतल्या एकाला थोडंफार दुखत असतं, पुढे हे प्रमाण घटत जातं. पहिल्या काही दिवसांत ज्यांना जास्त दुखतं, त्यांच्यात ते रेंगाळण्याचा धोका अधिक. म्हणून वॉर्डात दात-ओठ खाऊन सोसू नका, दुखतंय ते सांगा. आपल्या बायका हेच करत नाहीत.

नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर कमी डोसानं सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला त्यांनी गुंगी येते. बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी, नसेजवळ इंजेक्शन हेही मार्ग आहेत.

पुढच्या वेळी मी मामीबरोबर गेलो आणि तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर लिहून नेले. डॉक्टरांनी कापसाचा बोळा व्रणाच्या उजवीकडून फिरवला, ती शांत. डावीकडून फिरवला, तिनं डोळे मिटले. औषध त्याच दिवशी बदललं.

अजून अंघोळीला तांब्या ओतला की डाव्या अंगाला पाणी गरम की गार ते तिला कळत नाही. भाकरी थापताना आता कोपर मात्र जागेवर असतं. मंगळसूत्र दिवाळीत घातलं, ते अजून गळ्यात आहे.