रिपोर्टमध्ये ‘एमएलएच१ लॉस’ लिहिलंय, म्हणजे काय?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो : हे मुलाबाळांनाही होईल का? त्याचं उत्तर बऱ्याचदा याच ओळीच्या आसपास सापडतं.

जनुकं सगळ्याच पेशींत असतात. कोणतं चालू ठेवायचं आणि कोणतं बंद, यावर पेशीचं वागणं ठरतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, त्यामुळे वाढ वेळेवर थांबणं फार महत्त्वाचं. ते काम मुख्यतः एपीसी हे जनुक बघतं. या कॅन्सरच्या सुमारे ८० टक्के गाठींत तेच बिघडलेलं असतं. मग बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साचून केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं बंदच होऊ देत नाही.

एमएलएच१चं प्रकरण निराळं. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चमूतलं हे प्रथिन. पुष्कळ रुग्णांत याचं जनुक धडधाकट असतं, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटतात आणि पेशीला ते वाचताच येत नाही. यालाच मिथायलेशन म्हणतात. दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात.

गाठीच्या स्लाइडवर एमएलएच१ प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येईल अशी तपासणी केली की हे स्पष्ट दिसतं. आजूबाजूच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी रंगतात, गाठीतली मात्र निळीच राहतात; रिपोर्टमधला ‘लॉस’ म्हणजे हेच. निरोगी पेशीही रंगल्या नसतील तर आम्ही लॅबवाले निष्कर्ष न देता तपासणी पुन्हा करतो. सोबत ‘पीएमएस२ लॉस’ दिसलं तर दुसरा आजार समजू नका. पीएमएस२ हे एमएलएच१चं जोडीदार प्रथिन; एमएलएच१ नसलं की तेही टिकत नाही.

पुढची पायरी बीआरएएफ व्ही६००ई (बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल) किंवा मिथायलेशनची तपासणी. यांपैकी काही पॉझिटिव्ह आलं, तर दोष बहुधा गाठीपुरताच असतो, आनुवंशिक नसतो. दोन्ही निगेटिव्ह आलं, किंवा याच चमूतलं एमएसएच२ वा एमएसएच६ हे प्रथिन गायब असेल, तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे दुरुस्तीतला दोष आनुवंशिक असण्याची, शंका घ्यावी लागते. अशा वेळी जेनेटिक कौन्सेलरला भेटा. नुसत्या गाठीच्या रिपोर्टवरून मुलांच्या तपासण्या सुरू करू नका.

दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींवर, विशेषतः आजार पसरलेला असताना, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारा उपचार) चांगली लागू पडू शकते. म्हणून हा रिपोर्ट ऑन्कॉलॉजिस्टना उपचार ठरण्याआधीच दाखवा.

लॅबमध्ये येताना बायोप्सीचा किंवा ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणा, नुसता कागद पुरत नाही. काम झाल्यावर ब्लॉक आठवणीने परत न्या. पुढे दुसऱ्या तपासणीला तोच लागतो.