मुळाच्या टोकावरची वाटणी

मृगाचा पाऊस वेळेवर झाला की परभणी-हिंगोलीकडे सोयाबीनची पेरणी उरकते आणि आठवडाभरात शिवारात हिरव्या ओळी दिसू लागतात. पण कोंब वर येण्याआधीच खाली मूळ सुटलेलं असतं. त्याच्या टोकाशी, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात, एका पेशीच्या दोन होण्याचं काम अखंड चालू असतं.

शेताची वाटणी झाली की प्रत्येक भावाच्या सातबाऱ्यावर जमीन कमी भरते. पेशीत तसं चालत नाही. दोन्ही नव्या पेशींना गुणसूत्रं (डीएनएच्या गुंडाळ्या) पुरीच्या पुरी लागतात, म्हणून आधी सगळ्या डीएनएची दुसरी प्रत निघते आणि मगच पेशीचं दोन होणं, म्हणजे सूत्री विभाजन, सुरू होतं: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशा क्रमाने. सोयाबीनमध्ये ४० गुणसूत्रं, माणसात ४६, कांद्यात १६. कांद्याची कमी आणि चांगली मोठी, म्हणूनच कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांदा.

मुळाचं टोक आम्लात मऊ करायचं, ॲसिटोकार्मिनने रंगवायचं आणि काचेखाली अंगठ्याने दाबायचं. बहुतेक मुलं एखादी ठसठशीत मध्यावस्था सापडली की आकृती काढून मोकळी होतात. खरी गंमत पेशी मोजण्यात आहे. बहुसंख्य पेशी विभाजनात नसतातच. ज्या असतात त्यांत पूर्वावस्थेतल्या भरपूर आणि पश्चावस्थेतल्या मोजक्या. या पेशी केव्हाच मेलेल्या, तरी वेळेचा हिशेब सांगतात: जी अवस्था झटपट उरकते ती स्लाइडवर कमी दिसते.

पूर्वावस्थेला वेळ लागतो तो आवराआवरीमुळे. माणसाच्या एकाच पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. तो गुंडाळत-गुंडाळत आखूड, जाड गुणसूत्रं बनतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे दोन अर्धगुणसूत्रं, अजून एकमेकांना चिकटलेल्या असतात. मग केंद्रकाचं आवरण विरतं आणि तर्कूतंतू, म्हणजे गुणसूत्रं धरून ओढणारे बारीक धागे, आत शिरतात.

मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात, एवढं पुस्तकात असतं. माझ्या मते अख्ख्या विभाजनाचा जीव याच ठिकाणी आहे. तंतू आंधळेपणाने वाढतात, आखडतात, पुन्हा वाढतात. हाती लागेल ते गुणसूत्र धरतात. प्रतींच्या प्रत्येक जोडीला पेशीच्या दोन्ही टोकांकडून पकड बसायला हवी. एक जरी गुणसूत्र सुटं राहिलं, तरी त्याच्याकडून ‘थांबा’ असा रासायनिक निरोप जात राहतो आणि बाकी सगळी तयारी झालेली पेशी खोळंबते. शेवटची पकड बसली की एक विकर प्रतींना बांधणारी प्रथिनं कापतं आणि अर्धगुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात. ही पश्चावस्था. अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवी आवरणं तयार होतात. पुढे प्राण्यांची पेशी कमरेत आवळून तुटते. वनस्पतीची भिंत ताठ, ती आवळली जात नाही. तिथे मधोमध नवी भिंत उभी राहते.

जर्मनीच्या वॉल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून हा क्रम लावला आणि १८८२ साली तो पुस्तकातून मांडला. तर्कूतंतू अडवणारी द्रव्यं मात्र आपल्या अंगणात आणि बांधावर उगवतात. सदाफुलीतून मिळणारं व्हिनक्रिस्टीन तंतू बनूच देत नाही. विभाजन मध्यातच अडतं आणि पेशी मरते. रक्ताच्या कर्करोगावर ते दिलं जातं. केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून असल्या उपचारांत केस गळतात. (घरची पानं चघळायचा उद्योग कुणी करू नये. औषधाची मात्रा डॉक्टरच ठरवतात.)

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चांगलीच विषारी. तिच्यातलं कोल्चिसिनही तंतू मोडतं. पण मात्रा बेताची असली तर वनस्पतीची पेशी मरत नाही, दुप्पट गुणसूत्रं घेऊन तशीच पुढे जाते. कापूस पैदासकारांना हे उपयोगी पडलं. देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२, त्यामुळे दोघांचा संकर सहसा वांझ निघतो. देशीची गुणसूत्रं कोल्चिसिनने आधी दुप्पट करून घेतली, की जुळणीला दोन्हीकडे ५२ होतात.