खड्गदंती मार्जारांचे देहमान

खड्गदंती मार्जारांचे देहमान : वरचे सुळे लांब व चपटे असलेल्या, आता नामशेष झालेल्या मार्जारांचे वजन व आकारमान जीवाश्मांवरून ठरविण्याची पद्धत. ‘सेबर-टूथ टायगर’ हे नाव रूढ असले, तरी वाघाशी यांचे नाते दूरचे.

हयात मार्जारांची अस्थिमापे व वजने यांच्या लघुगणकांवरून समाश्रयणरेषा (माप व वजन यांचा सर्वसाधारण संबंध दाखविणारी रेषा) काढतात आणि जीवाश्माचे माप तीत घालतात. वजन साधारणपणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने मापातील १० टक्के चूक वजनात सुमारे ३३ टक्के होते.

कोणते हाड धरावे, हा खरा वाद. स्मायलोडॉन या खड्गदंती प्रजातीचा दंड (पुढच्या पायाचा वरचा भाग) वाघाच्या मानाने फार जाड होता. त्यामुळे केवळ दंडाच्या हाडावरून काढलेले वजन फुगते. मांडीचे हाड शरीराचा भार पेलत असल्याने अधिक भरवशाचे मानतात. सुळ्याची लांबी जवळजवळ निरुपयोगी. विल्यम अन्योंगे यांनी १९९३ मध्ये स्मायलोडॉन फेटॅलिस या जातीचे वजन ३४७ ते ४४२ किग्रॅ. मांडले. पेर क्रिस्टियानसेन व जॉन हॅरिस यांनी २००५ मध्ये अवयवांच्या हाडांची अनेक मापे एकत्र घेऊन ते १६० ते २८० वर आणले. दक्षिण अमेरिकेतील स्मायलोडॉन पॉप्युलेटर त्यांच्या हिशेबात २२० ते ४०० किग्रॅ. भरतो. अनेक हाडांवर आधारलेले हे आकडे अधिक ग्राह्य वाटतात. उरुग्वेतील सुमारे ३९ सेंमी. लांबीच्या कवटीवरून २०२० मध्ये ४३६ किग्रॅ. हा अंदाज आला. पण तो एकाच कवटीचा, शिवाय एवढ्या वजनाचे मार्जार आज हयात नसल्याने रेषा मोजलेल्या मापांच्या पलीकडे ओढावी लागते.

भारतात शिवालिक टेकड्यांतून मेगँटेरिऑन या खड्गदंती प्रजातीचे अवशेष मिळाले आहेत. महाराष्ट्रात, उदाहरणार्थ सोलापूर जिल्ह्यात, मात्र काळा कातळ दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खड्गदंती मार्जार त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी अवतरले, तेव्हा खाणीतल्या दगडात त्यांची हाडे शोधण्यात अर्थ नाही. शोधायचेच तर भीमा व सीना यांच्या काठचा जुना गाळ पाहावा. गोदावरी व मांजरा खोऱ्यांत अशाच गाळातून हत्ती, रानगुरे यांचे अवशेष निघाले आहेत. गाळात बहुधा सुटे दात व मोडकी हाडेच हाती लागतात. अशा वेळी खालच्या जबड्यातील मांस कापणाऱ्या दाढेची लांबी वापरतात, मात्र एकट्या दाढेवरून येणाऱ्या वजनाची त्रुटिमर्यादा मांडीच्या हाडापेक्षा बरीच रुंद ठेवावी लागते.