कमांड सुरू होण्याआधीच फाइल रिकामी

लिनक्सच्या टर्मिनलवर शब्दांची एक यादी अकारविल्हे लावायची आहे. फाइलचं नाव 'यादी'. ओळी क्रमाने लावणारी कमांड म्हणजे सॉर्ट, आणि '>' म्हणजे तिचं आउटपुट पुढच्या नावाच्या फाइलमध्ये लिहिण्याची खूण. हात सहज लिहून जातो:

सॉर्ट यादी > यादी

एंटर दाबल्यावर तक्रारीचा एकही शब्द येत नाही, प्रॉम्प्ट मुकाट परत येतो. फाइल उघडावी तर ती शून्य बाइटची! आणि ती कचरापेटीतही सापडत नाही, कारण ती पुसलेली नसून जागच्या जागी रिकामी केलेली असते.

पहिला संशय सॉर्टवर जातो, पण त्या बिचाऱ्यापर्यंत '>' ही खूण पोचतच नाही. ती वाचतो शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड समजून घेऊन चालवणारा प्रोग्रॅम. शेल आधी एक नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याची जागा, तयार करतो. तिच्यात 'यादी' लिहिण्यासाठी उघडली जाते आणि त्याच क्षणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिची लांबी शून्य करतो. मग प्रोसेसचं आउटपुट, म्हणजे 1 क्रमांकाचा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला प्रोसेसने दिलेला क्रमांक), त्या फाइलला जोडलं जातं. सॉर्टचा प्रोग्रॅम चढतो तो यानंतर. त्याला वाचायला काही उरलेलंच नसतं. शून्य ओळी लावून तो काम यशस्वी झाल्याचं कळवतो, आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं.

पडताळा सोपा आहे. एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाइलवर कमांडचं नाव मुद्दाम चुकीचं लिहून पाहा. अशी कमांड नाही, असा संदेश येईल. तरीही फाइल रिकामी झालेली असेल.

1971 च्या पहिल्या युनिक्समध्येही '>' होती. आउटपुट पडद्यावर जातंय की फाइलमध्ये, याची काळजी प्रत्येक प्रोग्रॅमला वाहावी लागू नये, ही त्यामागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. फाइल आधी कापली जाते ती याच रचनेमुळे.

खरा धोका मात्र पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला पोचवणाऱ्या '|' मध्ये आहे. फाइलमधला मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवणारी कमांड म्हणजे कॅट:

कॅट यादी | सॉर्ट > यादी

इथे दोन्ही बाजू एकाच वेळी सुरू होतात. कॅटने आधी वाचून घेतलं तर मजकूर पाइपमध्ये सुरक्षित राहतो. उजवीकडची बाजू आधी धावली तर सगळं गेलं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे 65,536 बाइट मावतात. छोटी फाइल त्यामुळे कधी कधी सुखरूप सुटते आणि माणूस निर्धास्त होतो. मोठी फाइल सुटत नाही. पाइप भरला की कॅट थांबतो, आणि पाइप उपसणारा सॉर्ट सुरू होईपर्यंत फाइल कापली गेलेली असते. चाचणीत दहादा बरोबर चाललेली स्क्रिप्ट मग नेमकी खऱ्या कामाच्या दिवशी दगा देते.

सॉर्टपुरता उपाय त्याच्याच 'ओ' या पर्यायात आहे: सॉर्ट -ओ यादी यादी. तो सगळं वाचून झाल्यावरच लिहिण्यासाठी फाइल उघडतो. मधेच वीज गेली तर मात्र हाही उपाय फाइल वाचवेलच असं नाही. म्हणून मी तात्पुरत्या फाइललाच पसंती देतो:

सॉर्ट यादी > नवी && एमव्ही नवी यादी

मधल्या '&&' मुळे सॉर्ट फसला तर फाइलचं नाव बदलणारी एमव्ही चालतच नाही आणि जुनी यादी शाबूत राहते. दोन्ही नावं एकाच फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कच्या एकाच विभागावर, असली की नामांतर एका झटक्यात होतं. अर्धवट फाइल कुणाच्या नजरेस पडत नाही. फक्त ही फाइल नव्या आयनोडची (डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीची) असते, तेव्हा जुन्या परवानग्या पुन्हा तपासाव्या लागतात, आणि जुन्या फाइलला हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलची दुसरी नावं, असतील तर त्या जुन्याच मजकुराकडे बोट दाखवत राहतात.