प्लॅस्टिक प्रतिकृती मोटारींचे अस्तर व रंगकाम

पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे किट जोडून बनवलेल्या छोट्या मोटारींवर प्रायमरचे अस्तर चढवणे, त्यावर रंग देणे आणि शेवटी चकाकी आणणे, ही प्रतिकृतीकारांची एक स्वतंत्र कारागिरी आहे. अशा मोटारी बहुधा १:२४ किंवा १:२५ या प्रमाणात असतात. फॉर्म्युला वनच्या गाड्या १:२० आणि १:१२ मध्येही निघतात. अमेरिकेत १९४८ साली सुरू झालेल्या एएमटी कंपनीने १९५८ पासून एकाच किटमधून तीन प्रकारे गाडी बांधता येईल अशी किट विकली आणि हा छंद तिथल्या घराघरांत पोहोचला. पुढे जपानच्या शिझुओका शहरातील तामिया या कंपनीने किटबरोबर त्यांना साजेसे रंगही बाजारात आणले.

रणगाड्याची प्रतिकृती मळकट दिसली तरी चालते, किंबहुना तशीच ती खरी वाटते. मोटारीचे तसे नाही. तिच्या बॉडीवर उजेडाचे प्रतिबिंब पडते आणि त्या प्रतिबिंबात खालचा प्रत्येक ओरखडा दिसतो. शिवाय प्रमाणाचा प्रश्न असतोच. खऱ्या मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. १:२४ च्या हिशेबाने ते जेमतेम चार ते सहा मायक्रॉन व्हायला हवेत. इतका पातळ थर हाताने देता येत नाही. म्हणून या कामातली बहुतेक खबरदारी एकाच गोष्टीसाठी घेतली जाते : रंग पुरेसा बसावा, पण जाड दिसू नये.

सुरुवात धुण्याने होते. भाग साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश त्यांवर राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश यांनी तो निघतो. त्यानंतर साच्याची शिवण पाहायची. पुढच्या मडगार्डच्या खांद्यावरून किंवा छताच्या कडेने जाणारी ही बारीक रेघ पांढऱ्या प्लॅस्टिकवर नजरेला पडत नाही, मात्र नख फिरवले की लागते. ती ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून वापरायचा घासकागद; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) घासून काढतात आणि खळगे लांबी (पुट्टी) भरून सपाट करतात. दरवाजे आणि बॉनेटच्या फटी याच वेळी टोकदार हत्याराने खोल करून घ्याव्यात. पुढचे सगळे थर त्यांत साठत जातात आणि उथळ फट शेवटी बुजून जाते.

अस्तराने रंग प्लॅस्टिकला धरतो, सगळीकडे एकसारखी पार्श्वभूमी मिळते आणि राहिलेले दोष उघडे पडतात. या तिसऱ्या उपयोगाचे मोल नवशिक्याला सहसा कळत नाही. करड्या प्रायमरचा पहिला हलका हात दिला की पुसली गेली असे वाटणारी शिवण पुन्हा दिसू लागते. मग परत घासायचे आणि परत अस्तर द्यायचे. मिस्टर सरफेसर या प्रायमरच्या बाटलीवरचा ५००, १०००, १२००, १५०० हा आकडा जितका मोठा तितका थर बारीक. मोटारीच्या बॉडीसाठी वरचे आकडे योग्य. अस्तराचा रंगही विचाराने निवडावा लागतो. लाल आणि पिवळे रंग अर्धपारदर्शक असल्याने करड्यावर मलूल दिसतात, पांढऱ्या किंवा गुलाबी अस्तरावर ते खुलतात. किट लाल प्लॅस्टिकचे असेल आणि गाडी पांढरी करायची असेल, तर प्लॅस्टिकमधला लाल वर झिरपून पांढऱ्याला गुलाबी झाक येते. ते अडवण्यासाठी मध्ये चंदेरी रंगाचा थर देतात.

रंग स्प्रे कॅनने किंवा एअरब्रशने (दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या छोट्या साधनाने) देतात. कॅन बॉडीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरायचा, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. आधी दोन-तीन हलके हात, मग एक ओला, म्हणजे पृष्ठभाग ओलसर चमकेल इतका भरघोस हात, असा क्रम असतो. फार लांबून मारले तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. फार जवळून मारले तर ओघळ येतात. मेटॅलिक रंग घेताना त्यातील चमकीचा कण पाहावा, कारण २० मायक्रॉनचा कण १:२४ च्या गाडीवर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा असल्यासारखा दिसतो.

रंगांच्या जातीकडे दुर्लक्ष झाले की सगळी मेहनत वाया जाते. लॅकर (तीव्र द्रावकाचा, झटपट सुकणारा रंग) खाली असेल तर त्यावर इनॅमल (सौम्य द्रावकाचा, सावकाश सुकणारा रंग) चालते, पण इनॅमलवर लॅकर मारले तर खालचा थर फुगून सुरकुततो. खऱ्या मोटारींसाठीचे जहाल लॅकर उघड्या पॉलिस्टायरीनला चरे पाडते. तामियाचे टीएस मालिकेतले स्प्रे या प्लॅस्टिकसाठी आहेत. पीएस मालिका रिमोटवरच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असल्याने इथे वापरू नये.

दमट हवा लॅकरची वैरीण. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी धूसरता येते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे हमखास घडते. कोरड्या दिवसाची वाट पाहणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

रंग पक्का सुकल्यावर डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) लावतात आणि त्यांवर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, देतात. क्लिअर २००० नंबर व त्याहून बारीक वॉटर पेपरने पाणी लावून घासतात, मग कंपाउंडने (पॉलिशच्या लेपाने) चमकवतात. कडांवर थर सर्वांत पातळ असतो, तिथे जरा जास्त घासले की अस्तर उघडे पडते. म्हणून अनेकजण कडांवर आधी मास्किंग टेप लावतात. दोन घटकांचे युरेथेन क्लिअर काचेसारखी चकाकी देते, पण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. त्यासाठी वायुवीजन आणि योग्य श्वसन-संरक्षक लागतातच, कापडी मास्क अजिबात पुरत नाही. साध्या लॅकरसाठीही सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क वापरावा. खिडक्यांची काळी रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या पॉलिशनंतर करतात. क्रोमसाठी मागून चिकटणारा धातूचा पातळ वर्ख पट्टीवर बसवून, कडेने नव्या पात्याने हलकेच कापतात; चंदेरी रंगाला ती धातूची झळाळी सहसा येत नाही.