बुडत्या मोटार कंपन्या आणि करदात्याचा खिसा

मोटार कंपनी गाळात गेली की सरकारने तिला जनतेच्या पैशातून वर काढावे का, हा वाद 2008 साली अमेरिकेतून आला असे आपण धरून चालतो. ठाणे जिल्ह्यात तो प्रश्न त्याच्या दहा वर्षे आधीच डोंबिवलीत येऊन गेला होता.

त्याचे मूळ आणखी मागे आहे. जनरल मोटर्स 1928 पासून शिवडीत गाड्या जोडत होती. 1953 मध्ये टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने बजावले की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे थारा नाही. जीएमने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. उरल्या त्या वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड अशा मोजक्याच कंपन्या. त्यांना तिजोरीतून धनादेश गेला नाही, पण आयातीला आणि नव्या परवान्यांना कुंपण पडले. फियाट हवी तर अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहायची. मदत ती हीच. वसुली मात्र करातून न होता थेट गिऱ्हाइकाकडून होत होती, त्यामुळे तिचा हिशेब कुणी मांडला नाही. पुढे सरकारने गाड्यांच्या किमतींवर नियंत्रण आणले, तर प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली. कुंपण हवे, पण राखणदार नको, असा तो मामला.

कुंपण 1991 नंतर मोडले आणि आतल्यांची खरी तब्येत दिसली. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात प्यूजो 309 काढली. कामगार-व्यवस्थापन संघर्ष पेटला, प्यूजो काही वर्षांतच निघून गेली. सरकारी थैली काही सुटली नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर कॉलनी’ म्हटले की रिक्षावाला अजून बरोबर नेऊन सोडतो; कारखाना कुठे होता हे मात्र त्याला विचारू नये.

उलट उदाहरण मारुतीचे. संजय गांधींची मूळ कंपनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस बुडाली, 1980 मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. त्यामागे राजकारण होते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण सुझुकी भागीदार म्हणून आली, डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली आणि सरकारने 2007 पर्यंत टप्प्याटप्प्याने आपला वाटा विकून पैसेही वसूल केले. म्हणजे जनतेचा पैसा घालणे हेच मुळात पाप, असे म्हणता येत नाही. वाटा हातात ठेवून घातला, तर तो परत येऊ शकतो.

अमेरिकेनेही 2008-09 मध्ये वाटा घेतला. जीएम, क्रायसलर आणि त्यांच्या गाड्यांसाठी कर्ज देणाऱ्या कंपन्यांत मिळून सुमारे 80 अब्ज डॉलर गेले, जवळपास 70 अब्ज परत आले. आपल्याकडे त्याच काळात डिसेंबर 2008 ला उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवले. जानेवारी 2009 च्या दुसऱ्या मदत पॅकेजमध्ये जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतून शहरांना बस घ्यायला पैसे आले. ठाण्याच्या टीएमटी आणि नवी मुंबईच्या एनएमएमटी या बससेवांच्या ताफ्यात त्या योजनेच्या बस आल्या. मला ही पद्धत सर्वांत पटते. कंपनीला ऑर्डर मिळाली आणि करदात्याला निदान उभे राहायला जागा. पुढे त्यांतल्या किती आगारात सडल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय.

या सगळ्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या, मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या गाळ्याकडे कुणी पाहिले नाही. एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. इथल्या प्रेसच्या कामात यंत्र आपले, पण डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बहुधा कंपनीची. वर पार्ट नंबर कोरलेला. दुसऱ्या कुणासाठी त्यातून वॉशरसुद्धा काढता येत नाही. ऑर्डर थांबली की डाय रॅकवर जाते, बिल अडकते आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्या, असे 2006 चा कायदा सांगतो, पण एकच गिऱ्हाईक असलेला माणूस त्याच्याविरुद्ध दाद मागायला जाईल कशाला? अमेरिकेने मार्च 2009 मध्ये पुरवठादारांची येणी सुरक्षित करायला पाच अब्ज डॉलरपर्यंतची वेगळी योजना काढली होती. आपल्या पॅकेजमध्ये लहान उद्योगांसाठी कर्जहमी होती, पण अडकलेले बिल सोडवायला कर्जाचा उपयोग थोडाच.

वाचलेल्या जीएमचे पुढे इथे काय झाले तेही पाहा. तिचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर 2008 मध्ये, म्हणजे अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली त्याच महिन्यात सुरू झाला. देशातली विक्री 2017 अखेर थांबली, उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. करारात जमीन होती, इमारती होत्या आणि काही यंत्रसामग्री.